वनस्पतिसरट नव्हे, सुसरही नव्हे

एका प्राणिशास्त्रीय परिभाषाकोशाच्या मराठी भागाचा कच्चा खर्डा काही काळापूर्वी माझ्याकडे अभिप्रायासाठी आला होता. विषय माझा नव्हे. मी भाषेचा अध्यापक. शब्द मराठीच्या वळणाचे आहेत की नाहीत एवढेच मी पाहावे, अशी अपेक्षा होती. सरीसृपांच्या प्रकरणात ‘फायटोसॉर’ या नोंदीसमोर ‘वनस्पतिसरट’ असा प्रतिशब्द दिलेला होता. शब्दाची घडण निर्दोष होती. ग्रीक ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती, ‘सॉरस’ म्हणजे सरडा. डायनोसॉरला मराठीत ‘भीमसरट’ असा शब्द योजिला गेलेला आहेच, त्याच साच्यातून हाही निघाला होता. मी समासात बरोबरची खूण केली आणि पुढील पानाकडे वळलो. मात्र प्राण्याविषयी थोडेसे वाचल्यावर ती खूण मला खोडावी लागली. का खोडावी लागली हे सांगितले, तर परिभाषेच्या एका जुन्या वादात थोडी भर पडेल असे वाटते. आणि ज्या प्राण्यामुळे हे घडले तो आपल्याच देशातील गोदावरीच्या खोऱ्यातला असल्यामुळे त्याची ओळखही होईल.

फायटोसॉर हे ट्रायासिक कालखंडाच्या उत्तर भागात, म्हणजे स्थूलमानाने तेवीस ते वीस कोटी वर्षांपूर्वी, नद्यातळ्यांच्या आश्रयाने राहणारे सरीसृप होत. लांब निमुळता जबडा, त्यात टोकदार दातांची रांग, आखूड पाय, जाड शेपटी, पाठीवर हाडांच्या ढालींच्या ओळी. दुरून पाहणारा त्याला मगर म्हणूनच मोकळा होईल. ते शिकारी होते याविषयी आज कोणालाही शंका नाही. मग त्यांच्या नावात वनस्पती कोठून आली?

तिची कथा अशी. १८२८ साली जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रदेशात सापडलेल्या एका जबड्याच्या तुकड्याचे वर्णन येगर या अभ्यासकांनी प्रसिद्ध केले. जबड्यातील खरे दात बहुतांशी गळून गेले होते आणि त्यांच्या रिकाम्या खोबणीत गाळ शिरून तो दगडासारखा घट्ट झाला होता. गाळाच्या या बोथट खुंट्या येगर यांनी दात समजून घेतल्या. बोथट दात म्हणजे पाला चघळणारा प्राणी, असे अनुमान करून त्यांनी त्याला ‘फायटोसॉरस’ असे नाव दिले. एवढ्यावर न थांबता नळकांड्यासारख्या दातांची एक आणि चौकोनी दातांची दुसरी अशा दोन जातीही त्यांनी कल्पिल्या. पुढे चांगले जबडे सापडले, चूक उघडकीस आली. पण नाव राहिले. प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की अर्थ चुकीचा ठरला एवढ्या कारणावरून नाव रद्द होत नाही. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने नाव ही केवळ खूण असते. तिने वर्णन करावे अशी सक्ती नसते.

आता भाषेच्या बाजूने विचार करा. ‘फायटोसॉर’ हा शब्द वाचणाऱ्या सामान्य इंग्रज वा जर्मन माणसाला त्यातील वनस्पती दिसत नाही. ग्रीक ही त्याची घरातली भाषा नव्हे. येगर यांची चूक त्या शब्दाच्या पोटात निजून राहिली आहे. आपण त्याचे ‘वनस्पतिसरट’ केले की ती जागी होते. मराठी विद्यार्थ्याला शब्द वाचताक्षणी कळेल की हा पाला खाणारा प्राणी. आणि तेच नेमके खोटे आहे. जी चूक युरोपात दीडशे वर्षांपूर्वीच निस्तरली गेली, ती आपण नव्याने, शुद्ध संस्कृत रूपात, आपल्या मुलांना शिकवणार. पारदर्शक शब्द हा संस्कृतोद्भव परिभाषेचा सर्वांत मोठा गुण मानला जातो. येथे तोच गुण घातक ठरतो.

हा प्रकार नवा नाही. लाव्हाझिए यांची समजूत होती की प्रत्येक अम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे; म्हणून त्यांनी त्या वायूला ‘अम्ल उत्पन्न करणारा’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. मिठाच्या अम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो हे डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास दाखवून दिले. तरीही आपल्याकडे बंगालीत ‘अम्लजान’ हा शब्द घडविला गेला आणि दीर्घकाळ चालला. मराठी लोकव्यवहाराने ‘प्राणवायू’ हा शब्द स्वीकारला, तो लाव्हाझिए यांच्याकडे न पाहता वायूकडे पाहून झालेला आहे. ‘जीवाश्म’ या शब्दाविषयी मला विशेष आदर वाटतो तो याच कारणाने. ‘फॉसिल’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘उकरून काढलेले’ एवढाच आहे. ज्याने कोणी जीवाश्म हा शब्द घडविला त्याने मूळ शब्दाचे भाषांतर केले नाही. दगड झालेला जीव डोळ्यांपुढे आणला आणि त्याला नाव दिले.

खर्डा पाहणाऱ्या दुसऱ्या एका सहकाऱ्यांपाशी मी ही अडचण बोललो, तेव्हा त्यांनी चटकन उपाय सुचविला: ‘पुराणसुसर’ म्हणा. वस्तूकडे पाहूनच नाव द्यायचे ना? मग वस्तू तर सुसरीसारखीच आहे. हा उपाय पहिल्यापेक्षा बरा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. त्यासाठी या प्राण्याची हाडे थोडी जवळून पाहावी लागतील. ज्या भारतीय फायटोसॉरची हाडे सर्वांत पूर्ण स्वरूपात अभ्यासली गेली तो ‘पारासुकस हिस्लॉपी’ आपण समोर ठेवू. लांबी सुमारे अडीच मीटर.

प्रथम नाक. मगरीच्या आणि सुसरीच्या नाकपुड्या मुस्कटाच्या अगदी टोकाला असतात. तेथून आत घेतलेला श्वास टाळूच्या वरच्या हाडी बोगद्यातून थेट घशापर्यंत जातो. म्हणून तोंडात पाणी आणि भक्ष्य असतानाही मगरीचे श्वसन अडत नाही. पारासुकसच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला नाहीतच. त्या पार मागे, डोळ्यांच्या बाजूला, कवटीच्या माथ्यावर उघडतात. सगळा लांब जबडा पाण्याखाली बुडवून नुसते कपाळ वर ठेवले तरी त्याचे काम भागत असले पाहिजे. नाकच घशाजवळ आल्यामुळे मगरीसारखा लांब हाडी बोगदा त्याच्या टाळूत आढळत नाही. पुढच्या काळातील फायटोसॉरांत या नाकपुड्या आणखी मागे सरकल्या. पारासुकसमध्ये त्या डोळ्यापुढच्या कवटीतील मोठ्या छिद्राच्या अलीकडे आहेत, आणि हे त्याच्या प्राथमिक अवस्थेचे एक गमक मानले जाते. खुद्द ते छिद्रही आजच्या मगरीत उरलेले नाही.

दुसरे, मुस्कट. दोघांचेही लांब, पण ते लांब कशाने झाले? मगरकुळात वरच्या जबड्याचे मुख्य हाड वाढून मुस्कट लांबले आहे. फायटोसॉरात टोकाकडचे, एरवी लहानसे असणारे अग्रहनू हाड वाढत वाढत जाऊन त्यानेच बहुतेक मुस्कट व्यापले. दोन घरे बाहेरून सारखी दिसावीत आणि एकाचा ओटा म्हणजे दुसऱ्याचे माजघर निघावे, तसा हा प्रकार आहे. एकाच वंशपरंपरेतून मिळालेले मुस्कट असते, तर त्याची हाडे एकाच प्रमाणात वाढलेली दिसली असती. ज्यांना आपण मगरीचे खरे पूर्वज म्हणू शकतो ते ट्रायासिकमधील प्राणी तर सडपातळ, लांब पायांचे आणि जमिनीवर धावणारे होते. मगरीने पाण्यातला हा धंदा फायटोसॉर नष्ट झाल्यावर, स्वतंत्रपणे उचलला.

येथे ‘सुसर’ या शब्दाकडे वळणे भाग आहे, कारण त्यानेही एकदा हाच घोटाळा केलेला आहे. संस्कृतातील ‘शिशुमार’ हा त्याचा पूर्वज. त्याच शब्दापासून हिंदीत ‘सूँस’ आला आणि तो गंगेतल्या डॉल्फिनचे नाव आहे. बंगालीतही या कुळातला शब्द डॉल्फिनलाच लावतात. डॉल्फिन हा सस्तन प्राणी. मराठीत मात्र ‘सुसर’ म्हणजे लांब तोंडाची मगर. पाण्यातून वर आलेले लांब निमुळते तोंड दिसले. एका प्रांताने ते नाव एका प्राण्याला दिले, दुसऱ्या प्रांताने दुसऱ्या. लोकभाषेला याबद्दल दोष देण्याचे कारण नाही, नावाड्याला तेवढे पुरे होते. पण आधीच दोन परक्यांना एका नावाखाली आणलेल्या या शब्दात आपण तिसरा परका घालणार असू, तर तो शास्त्रीय शब्द राहत नाही. गंमत अशी की, नाक माथ्यावर असण्याच्या बाबतीत पारासुकस सुसरीपेक्षा सूँसेला अधिक जवळचा दिसतो!

आता या प्राण्याच्या भारतीय नावाचा इतिहास, कारण त्यात आणखी एक मासला आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. या नद्यांच्या खोऱ्यात, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात व आजच्या तेलंगणात, मालेरी नावाचे गाव आहे. तेथील लाल मातीच्या थरांत फुप्फुसमाशांचे दात आणि सरीसृपांची हाडे मिळतात. त्यांच्याकडे विद्वानांचे लक्ष ज्यांनी प्रथम वेधले त्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. १८४५ मध्ये ते नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा यांच्या जोडीने आसपासचे खडक, जीवाश्म व गोंडांची गीते गोळा करीत राहिले. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना नदी ओलांडताना बुडून वारले. ‘हिस्लॉपी’ हे जातिनाम त्यांचे स्मारक आहे.

‘पारासुकस’ हा शब्द हक्सली यांचा. अर्थ, मगरीच्या शेजारचा. १८७० मध्ये त्यांनी तो वापरला, परंतु वर्णन दिले नाही. ते काम लायडेकर यांनी १८८५ मध्ये केले. त्यांच्यापुढे मालेरीहून आलेले सुटे अवशेष होते: कवटीच्या बुडाचा भाग, मुस्कटाचा तुकडा, काही दात, पाठीवरच्या ढाली. हे सगळे एकाच प्राण्याचे मानून त्यांनी वर्णन लिहिले. १९४० मध्ये फॉन ह्यूने यांनी दाखवून दिले की कवटीचे बूड पारासुकसचे नव्हेच. ते त्याच थरात विपुल आढळणाऱ्या ऱ्हिंकोसॉर या पोपटासारख्या चोचीच्या प्राण्याचे आहे. आणि ऱ्हिंकोसॉर हा अस्सल शाकाहारी. जर्मनीत मांसाहाऱ्याला वनस्पतीचे नाव मिळाले, भारतात मांसाहाऱ्याच्या नावाखाली पाला खाणाऱ्याची कवटी आली. या प्राण्याच्या कुंडलीत हा एक योगच असावा.

मालेरीच्या जीवाश्मांना पुन्हा हात लागला तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमुळे. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये तेथे आल्या आणि संख्याशास्त्राच्या संस्थेत भूशास्त्राचा एक विभाग उभा राहिला. या कामातून पारासुकसचे दोन जवळजवळ पूर्ण, सांधे जागच्या जागी असलेले सांगाडे मिळाले, आणि १९७८ मध्ये शंकर चॅटर्जी यांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. नाकपुड्या, टाळू व मुस्कट यांविषयी वर जे सांगितले त्याचा मोठा आधार हे सांगाडेच आहेत. त्यांच्या पोटाच्या पोकळीत दुसऱ्या एका लहान सरीसृपाचे सांगाडे निघाले. तो नवाच प्राणी ठरला. चॅटर्जी यांनी १९८० मध्ये त्याला रॉबिन्सनबाईंच्या नावावरून ‘मालेरिसॉरस रॉबिन्सनी’ म्हटले. पारासुकस काय खात होता, या प्रश्नाला याहून निःसंदिग्ध उत्तर दगडातून मिळणे कठीण. कोशातला ‘वनस्पतिसरट’ या पुराव्यापुढे ठेवून पाहावा.

एक कायदेशीर पेच मात्र उरलाच होता. प्राण्याचे नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. वाद झाला तर तो नमुना काढून पाहायचा. चॅटर्जी यांनी लायडेकर यांच्या सरमिसळीतून मुस्कटाचा तुकडा निवडून नाव त्याला बांधले होते. पुढे आक्षेप निघाला की हा तुकडा इतका अपुरा आहे की तो नेमका कोणत्या फायटोसॉरचा हे सांगता येणार नाही. तसे असेल तर ‘पारासुकस हिस्लॉपी’ हे नावच निराधार होते. म्हणजे पूर्ण सांगाडे हाताशी, आणि नाव मात्र एका निरुपयोगी तुकड्याला अडकलेले. अखेर नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज गेला. २००३ मध्ये आयोगाने निर्णय दिला की जुना तुकडा बाजूला ठेवावा आणि कलकत्त्याच्या संग्रहातील पूर्ण सांगाडा हा या नावाचा आधार मानावा.

या निर्णयाचे फळ पुढे दिसले. वायोमिंगमधल्या अशाच एका प्राण्याला १९०४ मध्ये विलिस्टन यांनी ‘पॅलिओऱ्हायनस’ हे नाव दिले होते आणि जर्मनी, मोरोक्को येथील नमुनेही त्याच नावाखाली घातले जात होते. २०१६ मध्ये कामरर, बटलर, बंदोपाध्याय व स्टॉकर यांनी कलकत्त्याच्या सांगाड्याशी ते ताडून पाहिले आणि हे सारे एकाच वंशाचे आहेत असा निष्कर्ष काढला. आधीचे नाव श्रेष्ठ या न्यायाने १८८५ चा ‘पारासुकस’ टिकला. या मतानुसार अमेरिकेतला नमुना ओळखायचा तरी प्रमाण म्हणून मालेरीचा सांगाडा पुढे येतो. आणि त्या सांगाड्याचे चार पानांचेही धड वर्णन मराठीत, बहुधा तेलुगूतही, विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही! शब्द घडविण्यात आपण जेवढा उत्साह दाखवितो त्याच्या दशांशाने वर्णने लिहिली असती तर बरे झाले असते.

मग याचे वर्गीकरण काय? हक्सली यांनी १८७५ मध्ये मगरींच्या उत्क्रांतीच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि सर्वांत खालच्या पायरीला ‘पारासुकिया’ म्हटले. ती सरळ शिडी आता कोणी मानत नाही. वाद आहे तो वेगळाच. मगरी, डायनोसॉर आणि पक्षी यांना सामावणारा ‘आर्कोसॉर’ नावाचा मोठा समूह आहे. त्यात एक फांदी मगरींकडे जाते, दुसरी पक्ष्यांकडे. मगरीच्या पायाच्या घोट्यात वळण दोन प्रमुख हाडांच्या मधून जाते आणि टाचेच्या हाडाला मागे खुंटी असते. फायटोसॉरचा घोटा याच धाटणीचा असल्यामुळे त्याला मगरीच्या फांदीवर बसवीत असत. २०११ मध्ये नेस्बिट यांनी शेकडो लक्षणांची तुलना करून त्याला त्या फांदीवरून उतरविले आणि सर्व आर्कोसॉरांच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. तसा घोटा मुळात दोन्ही फांद्यांच्या पूर्वजांपाशीच असला पाहिजे, हे त्यामागचे अनुमान. २०१६ मध्ये एझकुर्रा यांच्या विश्लेषणात तो पुन्हा मगरीच्या फांदीच्या बुडाशी आला. नेस्बिट यांचे म्हणणे खरे असेल, तर नात्याने पाहता मगरीला फायटोसॉरपेक्षा कावळा जवळचा ठरतो. एझकुर्रा यांचे खरे असेल, तर तो मगरीचा फार दूरचा भाऊबंद. लांब मुस्कट मात्र तरीही दोघांचे आपापलेच. ज्या प्राण्याचे घर कोणत्या आळीत हे अजून ठरावयाचे आहे, त्याला नावातच ‘सुसर’ म्हणून आपण तो निकाल परस्पर लावून टाकणार काय?

कोणी म्हणेल, परकी नावे तशीच ठेवायची तर परिभाषेचे कामच संपले. तसे नाही. द्विनाम पद्धतीची नावे आहेत तशी ठेवावीत हे तत्त्व १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगानेही मान्य केलेले आहे. माझे म्हणणे इतकेच की ते समूहनामांनाही लावावे. जेथे शब्द विचार वाहतो तेथे तो आपल्या भाषेतला हवा: अस्थी, अग्रहनू, घोटा, टाळू, जीवाश्म, वंश, जाती. जेथे शब्द केवळ खूण आहे तेथे त्याचे भाषांतर करणे म्हणजे माणसाच्या आडनावाचे भाषांतर करणे. कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी दप्तर लिहिलेच पाहिजे असे आपण धरत नाही.

मध्य प्रदेशातील टिकीच्या थरांतून संघमित्रा रे व देबजित दत्ता यांनी २०२३ मध्ये ‘कोलोसोसुकस’ नावाचा आठ मीटरांहून लांब फायटोसॉर वर्णन केला आहे, त्यामुळे या नोंदी पुढे वाढतच जाणार. खर्ड्याच्या समासात मी शेवटी असे लिहून पाठविले: ‘फायटोसॉर. ट्रायासिक कालखंडातील मांसाहारी, जलाश्रयी सरीसृपांचा गण. बाह्यरूप सुसरीसारखे, परंतु नाकपुड्या डोळ्यांजवळ व मुस्कट मुख्यतः अग्रहनूचे. नावाचा अर्थ वनस्पतिसरडा असा होतो, तो प्राण्यास लागू नाही. भारतीय उदाहरण: पारासुकस, मालेरी.’ संपादकांनी एवढाच प्रश्न उलट टपाली विचारला की ‘सुकस’ लिहावे की ‘सूकस’. मूळ शब्द इजिप्तच्या मगरदेवाच्या नावावरून ग्रीकांनी घेतलेला, आणि त्यातील स्वर दीर्घ. पण इंग्रजीतून तो आपल्याकडे ऱ्हस्वानेच रुळला आहे. त्याचे उत्तर मी अद्याप पाठविलेले नाही.